गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आणि आपली वाडी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की दत्तभक्तांची पावले आपोआप नृसिंहवाडीकडे वळतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांनी बारा वर्षे वास्तव्य केले आणि मनोहर पादुका मागे ठेवून ते गाणगापुरास गेले, हे गुरुचरित्र वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पण वाडीचा उत्सव नुसता डोळ्यांनी घ्यायचा नसतो, तो कानांनीही घ्यायचा असतो. पहाटेची काकड आरती, संध्याकाळची पालखी, पालखी थांबेल तिथे म्हटली जाणारी पदे, रात्रीचे कीर्तन, आणि जयंतीच्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास जन्मकाळ झाला की पाळणा. ज्याचा जो काळ, त्याचे ते गाणे. हे सगळे इतके अंगवळणी पडलेले आहे की त्याला आपण संगीत म्हणतो आहोत हेसुद्धा लक्षात येत नाही.

याच सुरांच्या शेजारी, नदीपलीकडे कुरुंदवाडला, एक मुलगा वाढला. वाडीच्या दत्तजयंतीतच त्याच्यावर आयुष्यातला सर्वांत मोठा आघात झाला. पुढे त्याच मुलाने हिंदुस्थानी संगीताला राजवाड्यातून बाहेर काढून तुमच्या-आमच्या घरापर्यंत आणले. ते म्हणजे गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांचे चरित्र गाण्यातल्या जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मी गाण्यातला नाही. मी बी.कॉम. होऊन बँकेत कारकून म्हणून लागलो आणि कारकून म्हणूनच निवृत्त झालो. खातेवह्या आणि कर्जाची कागदपत्रे पाहण्यात माझी उमर गेली. त्यामुळे पंडितजींच्या आयुष्याकडे मी थोडा जमाखर्चाच्या नजरेने पाहतो. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, नारळी पौर्णिमेचा. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. म्हणजे गाणे घरातच होते, पण ते बैठकीचे नव्हे, हरिकथेचे. पूर्वरंग, उत्तररंग, मधूनच आर्या, मधूनच पद, मागे झांज आणि मृदंग. पोरगे वडिलांच्या मागे उभे राहून साथ करायचे. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे लहानसे संस्थान. तिथल्या राजांचा या मुलावर लोभ होता आणि शाळेतही त्याची प्रगती बरी होती. सरळ चालले असते तर इंग्रजी शिकून तो कुठेतरी कचेरीत लागला असता.

पण तसे व्हायचे नव्हते. शाळकरी वयात तो दत्तजयंतीसाठी वाडीला गेला होता. उत्सवात फटाके उडत होते. त्यातला एक त्याच्या चेहऱ्याजवळच फुटला आणि डोळे भाजले. लहान गाव, जवळ चांगले औषधपाणी नाही. दृष्टी गेली. पुढे उपचारांनी आणि काळाने थोडे दिसू लागले, पण पहिली नजर काही परत आली नाही. शाळा सुटली ती सुटलीच.

आता इथे आपल्यासारख्या माणसाला थांबावे लागते. देवाच्या दारात, देवाच्याच जन्माच्या दिवशी, एका निरपराध पोराचे डोळे जातात. याचा अर्थ काय लावायचा? आपल्यात दोन उत्तरे लगेच तयार असतात. एक म्हणजे पूर्वजन्मीचे भोग. दुसरे म्हणजे महाराजांनाच त्याला गायक करायचे होते, म्हणून त्यांनी हे घडवले. मला दोन्ही पटत नाहीत. बँकेत शिकलेली एक गोष्ट आहे. नावेचे खाते वेगळे, जमेचे खाते वेगळे. नंतर जमा झाली म्हणून आधीची नावे नोंद कोणी खोडून टाकत नाही. त्या पोराचे दुःख हे दुःखच होते, त्याच्या आईबापांचा आकांत हा आकांतच होता. पुढे तो मोठा झाला म्हणून त्या रात्रीला चांगले म्हणायचे कारण नाही. महाराजांची कृपा शोधायचीच असेल तर ती फटाक्यात शोधू नये, त्यानंतर काय झाले त्यात शोधावी.

(जाता जाता एक विनंती. पालखीच्या वाटेवर आजही फटाके उडतात. लहान मुले पुढे पुढे करतात. त्यांना मागे ओढून धरा. महाराज काही रागावणार नाहीत.)

त्यानंतर झाले ते असे. मुलाला मिरजेला नेले. तिथे डॉ. भडभडे यांनी डोळ्यांवर उपचार केले. डोळ्यांवाचून चालेल अशी विद्या याला द्या आणि याचा गळा चांगला आहे तेव्हा गाणे शिकवा, असा सल्ला त्यांनीच दिल्याचे सांगतात. मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाला तेव्हा पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. बुवा मूळचे मिरजेजवळच्या बेडगचे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी त्यांनी उत्तरेत जाऊन, वासुदेवबुवा जोशींची सेवा करून मिळवली आणि महाराष्ट्रात आणली. त्या काळी विद्या पैसे टाकून मिळत नव्हती. पाणी भरायचे, निरोप पोहोचवायचे, गुरूची मर्जी सांभाळायची आणि कान उघडे ठेवून बसायचे. गुरूने दिले तर घ्यायचे. लिहून घ्यायची सोय नव्हती, आणि विष्णूला तर लिहिलेले दिसायचीच पंचाईत. सगळे कानांनी घ्यायचे आणि गळ्याने घोटायचे. १८९६ पर्यंत त्याने ही तपश्चर्या केली.

मिरजेतली एक हकीगत त्यांच्या चरित्रात नेहमी येते. गावात एक समारंभ होता. राजांच्या मर्जीतला म्हणून विष्णुपंतांना बोलावणे आले. गुरूंना मात्र आले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की ते गवई, त्यांना कशाला बोलवायचे असा एकूण विचार होता. ज्या माणसाने ही गायकी महाराष्ट्रात आणली त्याची समाजात ही किंमत! गाणे ऐकायला हवे, पण गाणारा पंगतीला नको. विष्णुपंतांच्या मनाला हे फार लागले. गुरूचा अपमान शिष्याने कसा भरून काढावा? कुणी भांडला असता, कुणी रुसून बसला असता. यांनी ठरवले की गवयाला मान मिळेल असे काहीतरी उभे करायचे. पुढची पस्तीस वर्षे त्यांनी जे केले त्याच्या मुळाशी हा ठराव होता असे मला वाटते.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. औंध, सातारा, बडोदे असे करत ते सौराष्ट्रात गेले. तिथे त्यांनी थोडे तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज आपल्याला यात काही वाटत नाही. पण तोवर गाणे म्हणजे राजाने ऐकायचे, नाहीतर कोणा धनिकाच्या दिवाणखान्यात व्हायचे. साध्या माणसाने थोडे पैसे देऊन खुर्चीवर बसून ख्याल ऐकायचा ही गोष्टच नवीन होती. गवई एका धन्याचा नोकर राहिला नाही, तो सगळ्या गावाचा झाला.

त्याच प्रवासात ते गिरनारला गेले. दत्तमहाराजांच्या पादुकांचे शिखर ते. तिथे त्यांना एक साधू भेटले आणि त्यांनी उत्तरेकडे, पंजाबकडे जाण्याचा आदेश दिला, अशी कथा त्यांच्या परंपरेत सांगतात. श्रद्धावंताने ती श्रद्धेने घ्यावी. पण पुढचे तर सर्वांना माहीत आहे. हा कुरुंदवाडचा अधू नजरेचा माणूस ग्वाल्हेर, मथुरा करत, वाटेत ब्रजभाषा शिकत, खरोखरच पंजाबात पोहोचला. बंदिशींचे शब्द ब्रजभाषेतले. अर्थ न कळता पोपटासारखे म्हणायचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. कुठे वाडी, कुठे लाहोर! राजाच्या खजिन्यावर नव्हे तर लोकांच्या वर्गणीवर, फीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ही संगीताची शाळा होती. वेळापत्रक, वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, सगळे रीतसर. गरीब पण होतकरू मुलांसाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला. नऊ वर्षांचा करार लिहून घ्यायचे. राहणे, जेवणे, शिकणे मोफत. मुलाने मात्र मध्येच सोडून जायचे नाही. करारपत्रे पाहण्यात जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून फार बरे वाटले. गुरू-शिष्याचे नाते तेच राहिले, पण त्याला कागदाची शिस्त आली. गुरूची लहर संपली, शिष्याची अनिश्चितीही संपली.

त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, म्हणजे सूर आणि ताल कागदावर लिहायची पद्धत. पुस्तके छापली. ‘संगीत बालप्रकाश’ नावाची मुलांसाठीची पुस्तके काढली. ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक चालवले. ज्याला स्वतःला बारीक अक्षर दिसायची मारामार, त्याने दुसऱ्यांना सूर दिसावेत अशी सोय केली. त्याच काळात मुंबईत पं. विष्णु नारायण भातखंडे आपल्या पद्धतीने रागांची मांडणी करत होते. दोघांची लिपी वेगळी, मते वेगळी, पण दोघेही विष्णूच. या दोन विष्णूंनी मिळून आपले संगीत शाळेत नेले असे म्हणायला हरकत नाही.

पंडितजींनी बायकांना, मुलींना शिकवायची सोय केली. चांगल्या घरच्या मुलीने गाणे शिकणे हे तेव्हा घराची अब्रू घालवण्यासारखे समजले जाई. हा समज मोडायला त्यांनी बंदिशींतले अतिशृंगारिक शब्द बदलून भक्तीचे शब्द घातले. काही जाणकार यावर आजही नाराज आहेत. जुन्या चिजांचे मूळ रूप त्यामुळे बिघडले, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य असेलही. पण आज घरोघरच्या मुली पेटी घेऊन क्लासला जातात आणि कोणी वर मान करून पाहत नाही. त्याची किंमत कुठेतरी भरावी लागलीच असणार.

पंजाबात असताना ते जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गात. स्वामी हरिवल्लभ यांच्या स्मरणार्थ देवी तलावाच्या काठी दर वर्षी डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत हा उत्सव भरतो. १८७५ पासूनची ही परंपरा आजही चालू आहे. लोक रजया पांघरून रात्र रात्र ऐकतात. म्हणजे बघा, इकडे वाडीला मार्गशीर्षात पालखी निघते आणि साधारण त्याच दिवसांत तिकडे पंजाबात एका साधूच्या स्मरणार्थ ख्याल रंगतात. साधुसंतांच्या ठिकाणी त्या त्या ऋतूत गाणे व्हायचेच, ही आपल्या सगळ्या देशाची रीत. पंडितजींना ते परके वाटले नसणार.

१९०८ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईला शाखा काढली आणि हळूहळू सगळा पसारा तिथे आला. विद्यार्थी वाढले. जागा पुरेना. मग कर्ज काढून शाळेची आणि वसतिगृहाची इमारत बांधली. इथे मात्र माझ्यातला कारकून जागा होतो. कर्जाचा अर्ज आला की पहिला प्रश्न असतो, फेड कशातून होणार? मुलांचे राहणे-जेवणे फुकट, म्हणजे खर्च कायमचा. फी थोडी. व्याज तर कोणासाठी थांबत नाही. मग फेड कशातून? एका माणसाच्या गळ्यातून. गावोगाव मैफली करायच्या, व्याख्याने द्यायची आणि हप्ते भरायचे. गळा बसला की हप्ता थकला. आमच्या कर्ज विभागात असा अर्ज आला असता तर कोणीच शेरा मारून पुढे पाठवला नसता. गळा तारण म्हणून चालत नाही.

व्हायचे तेच झाले. १९२४ मध्ये पंडितजी कर्ज फेडण्यासाठीच दौऱ्यावर गेलेले असताना धनकोंनी मालमत्तेवर जप्ती आणली आणि शाळेचा लिलाव झाला. ज्या वास्तूसाठी घसा सुकेपर्यंत गायले ती वास्तू गेली. बँकेच्या भाषेत खाते बुडीत गेले. वय बावन्न. डोळे आधीच अधू. घरातही सुख नव्हते. मुले होत आणि लहानपणीच जात. ऐकणाऱ्याच्या पोटात कालवाकालव व्हावी असा हा काळ.

पण त्यांनी कोणाला दोष दिला नाही. मन आधीपासूनच रामनामाकडे वळले होते. नाशिकला पंचवटीत त्यांचा रामनाम आधार आश्रम होता, तिथे ते राहू लागले. भगवी वस्त्रे घालून, तंबोऱ्यावर तुलसीरामायण गात आणि सांगत. वडिलांच्या मागे उभे राहून साथ करणारा कीर्तनकाराचा मुलगा शेवटी पुन्हा हरिकथेत येऊन बसला. रघुपती राघव राजाराम ही धून आपण ज्या चालीवर म्हणतो ती चाल त्यांचीच मानतात.

ते नुसते भजनी लागले होते असेही नाही. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ साली काकीनाड्याच्या अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गाण्याला हरकत घेतली. हे सर्व राष्ट्राचे व्यासपीठ आहे, एका धर्माचे नव्हे, असे पंडितजींनी शांतपणे सांगितले आणि गीत पूर्ण करूनच ते खाली बसले. गवयाला कोण विचारतो, हा मिरजेतला प्रश्न आठवा. त्याच गवयाने हजारो माणसांसमोर आपला शब्द ठेवला आणि तो राहिला.

त्यांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात भजने शिकवत. १९३० साली महात्माजी दांडीला निघाले तेव्हा बरोबर जे अठ्ठ्याहत्तर सत्याग्रही होते त्यांत हे खरेही होते. त्या वाटेवर जी भजने आणि रामधून झाली तिच्यामागे कुरुंदवाडच्या या माणसाची शिकवण होती.

१९२१ साली नाशिकला त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव दत्तात्रेय. ज्या देवाच्या उत्सवात डोळे गेले त्याच देवाचे नाव घरात रोज हाक मारायला ठेवले. रागाचे, कडूपणाचे काही शिल्लक असते तर हे झाले असते का? त्या फटाक्याबद्दल आपल्याला जे विचारायचे होते त्याचे उत्तर मला या एका नावात मिळते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला पंडितजींनी देह ठेवला. वय भरले एकोणसाठ वर्षे आणि तीन दिवस. जिथे गाणे शिकले तिथेच शेवट झाला. मागे संपत्ती म्हणावी असे काही नव्हते. दत्तात्रेय दहा वर्षांचा होता.

आता ताळेबंद मांडू. मालमत्तेच्या बाजूला इमारत नाही, रोकड नाही. पण लिलावात एक गोष्ट कोणालाही विकता आली नव्हती, ती म्हणजे नऊ नऊ वर्षे जेवू-खाऊ घालून शिकवलेली माणसे. त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत शिष्य अहमदाबादला एकत्र जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. पं. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. पं. ओंकारनाथ ठाकूर काशीला हिंदू विश्वविद्यालयात गेले. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून वंदे मातरम् ऐकू आले ते त्यांच्याच आवाजात. पं. नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर, किती नावे घ्यावीत! आणि प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या मंडळाच्या परीक्षा आज गावोगाव होतात. माझी नातही यंदा प्रारंभिकला बसली आहे. परीक्षेच्या फॉर्मवर गांधर्व हा शब्द आहे, एवढेच तिला ठाऊक. ते नाव लाहोरहून आले हे तिला मी सांगितले तेव्हा तिने मोबाइलवर नकाशा काढून अंतर पाहिले.

आणि तो दत्तात्रेय? शिष्यांनी गुरुपुत्राला वाऱ्यावर सोडले नाही. विनायकराव, नारायणराव यांनी त्याला वडिलांची विद्या परत दिली. चौदाव्या वर्षी, १९३५ साली, त्याने पहिली जाहीर मैफल केली ती जालंधरच्या त्याच हरिवल्लभ संमेलनात, जिथे वडील गात असत. तेच पं. द. वि. पलुस्कर. ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी त्यांचीच. १९५५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी तेही गेले. तबकड्यांमध्ये त्यांचा आवाज राहिला आहे. तो निर्मळ आवाज ऐकला की वडिलांनी काय मागे ठेवले ते कळते.

दत्तसंप्रदायात आपण गुरूला सर्वांत वर मानतो. पण गुरू म्हणजे केवळ पाया पडायचे ठिकाण नव्हे. जे मिळाले ते जो स्वतःपाशी दडवून ठेवत नाही तो गुरू. पंडितजींनी आपल्या गुरूचा मान असा वाढवला की गाणे शिकवणाऱ्या प्रत्येकाचाच मान वाढला.

यंदा दत्तजयंतीला वाडीला जाल तेव्हा पालखी थांबल्यावर पदे ऐका, घाई करू नका. मग पूल ओलांडून कुरुंदवाडला जाऊन या. फार अंतर नाही. एक लहान मुलगा वडिलांचा हात धरून त्याच वाटेने उत्सवाला आला होता, एवढे मनात असू द्या.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥